कॅसेटचा सातबारा

माझ्याकडे एक कॅसेट आहे. ती मी घरी ऐकू शकतो. स्वतःपुरती तिची डिजिटल प्रत करून लॅपटॉपवर ठेवू शकतो. नात्यातल्या लग्नात, मांडवात, स्पीकरवर लावू शकतो. यातलं काहीही केलं तरी कायदा मला अडवत नाही. पण त्याच गाण्यांची लिंक तुम्हाला पाठवायची म्हटली, तर परवानगी लागते. आणि परवानगी देणारा माणूस गेली दोन वर्षं मला सापडलेला नाही.

अशा वस्तूंना कॉपीराइटच्या भाषेत 'अनाथ कृती' म्हणतात. पुस्तक असेल, फोटो असेल, नकाशा असेल, ध्वनिमुद्रण असेल. ज्याच्यावरचा हक्क अजून जिवंत आहे, पण हक्कदार कोण किंवा कुठे आहे ते कळत नाही, ती अनाथ कृती. हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. अनाथ म्हणजे ज्याचे आईबाप गेले तो. इथे आईबाप गेलेले असतीलच असं नाही. कदाचित ते आत्ता डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर चहा पीत बसले असतील. हरवला आहे तो त्यांचा पत्ता. आणि पत्ता हरवतो तो कुणीतरी लिहून न ठेवल्यामुळे. हे लिहून ठेवण्याचं काम कुणाचं, हा माझ्या डोक्यात घोळणारा प्रश्न आहे.

*

कॅसेट १९८९ सालची आहे. तिच्यावर चार बायकांचे आवाज आहेत आणि त्यातला एक माझ्या आजीचा. आजी धवलारीण होती. आगरी-कोळी घरांबाहेर हा शब्द फारसा ठाऊक नसतो म्हणून सांगतो. लग्नातले विधी गाण्यांतून पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. देवांना आणि पूर्वजांना आवतण देण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत कुठल्या वेळी काय करायचं, कुणी करायचं, हे सगळं तिच्या गाण्यांत असतं. ती गाते आणि घरचे त्याप्रमाणे करत जातात. शाळेत आपण महदंबेच्या 'धवळ्यां'बद्दल शिकतो, तेरावं शतक, मराठीतली आद्य कवयित्री वगैरे. त्या पाठात कुणी सांगत नाही की धवळे गाणाऱ्या बायका अजून आहेत, नेरूळ-बेलापूरच्या टॉवरांच्या मधल्या गावठाणांत राहतात आणि त्यांची संख्या घटते आहे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तशा आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेट काढणाऱ्या बारक्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या एका कंपनीने करावे, दारावे आणि सारसोळे या गावांतल्या चार धवलारणींना दादरच्या एका स्टुडिओत नेलं. दोन दिवसांत एक तासाचं ध्वनिमुद्रण केलं. धवळे खरं तर वाद्यांशिवाय गातात, पण कंपनीने मागे ढोलकी आणि कॅसिओ घातला. बायकांना प्रत्येकी पाचशे रुपये आणि साडी मिळाली. आजीला कॅसेटची एक प्रतही दिली होती. आमच्याकडे असलेली प्रत तीच.

चौघींपैकी आता एकच हयात आहेत. दारावे गावात त्यांच्या घरी जाऊन मी विचारलं की ही गाणी नेटवर टाकली तर चालेल का. त्या म्हणाल्या, "मना काय इचारतंस रं बाला? आमी गायलू, पैसं घेतलं, घरा आयलू." त्यांच्या दृष्टीने व्यवहार तिथेच संपला होता. गंमत म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही.

हे प्रकरण मला पडलं ते माझ्या चुलत वहिनीमुळे. ती उरणकडची. तिला धवळे शिकायचे आहेत, आणि तिच्यासारख्या पनवेल-अलिबागपर्यंतच्या तीसेक बायका आहेत. कुणाकडे एक विधी येतो, कुणाकडे दुसरा, सलग क्रम कुणाकडेच नाही. आमच्या कॅसेटमध्ये तो क्रम बऱ्यापैकी सलग आहे. तिने सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले, ही कॅसेट सगळ्यांना मिळेल असं काहीतरी करा ना." ऐरोलीच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचा डेटा इकडून तिकडे नेणारी सॉफ्टवेअर लिहितो. एका तासाची ऑडिओ फाइल चढवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. वहिनीला मी हो म्हणालो आणि मग कॅसेटचं कव्हर वाचायला घेतलं.

*

प्रथम हे बघू, की यात नेमकं कुणाचं काय आहे.

धवळे परंपरेतले आहेत, त्यांचा कवी कुणी एक नाही, त्यामुळे शब्द आणि चाल यांवर कुणाचाही कॉपीराइट नाही. वहिनी उद्या उठून तेच धवळे स्वतःच्या आवाजात गाऊन जगभर पाठवू शकते. पण ध्वनिमुद्रण ही कायद्याने वेगळी कृती आहे आणि तिचा वेगळा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. पुढाकार घेणारा, जबाबदारी उचलणारा, म्हणजे इथे कंपनी. गाणारी बाई कर्ती नाही. गायक-वादकांना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क द्यायची दुरुस्ती १९९४ मध्ये झाली आणि मे १९९५ पासून लागू झाली. आमच्या चौघी १९८९ मध्ये गायल्या तेव्हा त्यांच्यासाठी कायद्यात रकानाच नव्हता.

म्हणजे गाणं कुणाचंच नाही, पण आजीचा आवाज मात्र कुणाचातरी आहे. आणि तो कुणीतरी आम्ही नाही.

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं चालतो. १९८९ ची कॅसेट १ जानेवारी २०५० ला मुक्त होईल. तेव्हा मी बावन्न-त्रेपन्न वर्षांचा असेन. फितीचं आयुष्य इतकं नसतं. खाडीकाठची हवा खारट आणि दमट, तिथे कपाटातल्या फितीवर बुरशी धरते. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटची चार-पाच मिनिटं आत्ताच खरखरीखाली गेली आहेत. माझी स्वतःची डिजिटल प्रत मी करून ठेवली आहे, कारण खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी तशी मुभा आहे. लग्नाचीही मुभा आहे. धार्मिक समारंभात कृती वाजवली तर तो भंग नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे त्यात धरलेले आहेत. लग्नांत गाणी वाजवण्यासाठी पैसे मागितले जातात अशा तक्रारी आल्यावर केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा आमच्याकडच्या हळदीत डीजेने ही कॅसेट अर्ध्या सीवूड्सला ऐकू जाईल अशी लावली तरी चालेल. उरणच्या तीस बायकांना फाइल मिळाली तर मात्र चालणार नाही.

*

कव्हर वाचायला घेतलं म्हणालो, त्यालाही कारण आहे. १९८४ मध्ये, कॅसेटची चोरटी छपाई जोरात असताना, कायद्यात ५२-अ हे कलम आलं. त्यानुसार प्रत्येक ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणं बंधनकारक झालं: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं साल. आमच्या कंपनीने हे इमानदारीने छापलं होतं. कव्हरच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, मध्य मुंबईतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा नंबर होता.

मी तिथे गेलो. इस्टेट नाही, टॉवर आहे. वॉचमन उत्तर प्रदेशातला, सहा महिन्यांपूर्वी आलेला. समोरच्या जुन्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की गाळेवाल्यांना पैसे देऊन काढलं, तेही आता पंधरा वर्षं झाली. कंपनीचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. कंपन्यांच्या सरकारी संकेतस्थळावर त्या नावाचं काही नाही, कारण ही कंपनी म्हणजे बहुधा भागीदारीतली पेढी, आणि भागीदारी पेढीची नोंदणी आपल्याकडे ऐच्छिक असते. कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीत शोधलं. तिथली नोंदही ऐच्छिक, त्यामुळे तिथेही काही नाही. मग पनवेलमधल्या एका जुन्या कॅसेट विक्रेत्याकडे गेलो. त्यांना आठवत होतं. दोन भाऊ होते, एमपीथ्री आल्यावर धंदा बसला, एक भाऊ गावी गेला. गाव कुठलं? "कोकणात कुठेतरी." मूळ टेप कुणाला विकल्या की भंगारात गेल्या, ते त्यांना माहीत नव्हतं.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "अरे टाकून दे ना. कोण विचारतंय?" त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. नेटवर अशा शेकडो जुन्या कॅसेट कुणीकुणी चढवलेल्या आहेत, वर जाहिरातीही चालतात, खाली गाणाऱ्याचं नावसुद्धा नसतं. कायद्यात शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. व्यापारी हेतू नसेल तर न्यायालय ती कमी करू शकतं. कोकणातला तो भाऊ माझ्यावर फिर्याद करील अशी शक्यता शून्याच्या जवळ आहे.

तरी मी टाकलेली नाही. त्याचं कारण भीती हे नाही. आमच्या घरात 'मालक सापडला नाही म्हणून घेतलं' हे वाक्य सहज तोंडातून येत नाही, हे आहे.

*

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादनाखाली आली. करावे त्यातलंच. आम्ही आता राहतो ते गावठाण, बाकी शेतं आणि मिठागरं गेली. मोबदल्यासाठी जो लढा झाला त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं मेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा इतिहास आमच्याकडे पुस्तकातून कळत नाही, जेवताना कळतो.

त्यामुळे मालकी, नोटीस आणि वारस हे शब्द मला इंजिनिअरिंगच्या आधी ठाऊक होते. जमिनीचा हिशोब बघा. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा. त्यावरचा प्रत्येक बदल नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. मालक मेला की वारसांसाठी सहा-क ही वेगळी नोंदवही. अडीच गुंठ्यांना सत्तावीस वारस, त्यातली एक आत्या मालाडला, एक चुलता बडोद्याला, तरी सगळ्यांची नावं कागदावर. जमीन घ्यायची तर भूसंपादन कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर दोन दैनिकांत प्रसिद्धी, त्यातलं एक तरी प्रादेशिक भाषेतलं, शिवाय गावात नोटीस. मालकीचा वाद असला तर मोबदला न्यायालयात जमा. या यंत्रणेने आमच्यावर अन्याय केला नाही असं मी म्हणणार नाही. पण कुणाचं काय आहे, हे लिहून ठेवायला सरकारला येतं. मनात आणलं तर गुंठ्यागुंठ्याचं येतं.

आता हाच हिशोब गाण्याला लावून बघा.

अनाथ कृतींसाठी आपल्या कायद्यात कलम आहे: ३१-अ. ते १९८३ च्या दुरुस्तीने आलं. तेव्हा ते फक्त अप्रकाशित भारतीय कृतींपुरतं होतं. २०१२ च्या दुरुस्तीने ते प्रकाशित झालेल्या किंवा जनतेपर्यंत पोचलेल्या कृतींनाही लागू केलं. कर्ता मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल, किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर कुणीही परवान्यासाठी अर्ज करू शकतो. चौकशी होते, रॉयल्टी ठरते, ती सरकारी खात्यात जमा होते, आणि मालक किंवा त्याचे वारस कधीही येऊन ती मागू शकतात. कल्पना म्हणून हे उत्तम आहे. मालकाचा हक्क बुडत नाही, कृती कुजत नाही. युरोपीय संघाने अनाथ कृतींचा निर्देश काढला तो २०१२ मध्ये, ब्रिटनने परवाना योजना सुरू केली ती २०१४ मध्ये. आपण हा विचार मर्यादित स्वरूपात का होईना, तीस वर्षं आधी केला होता.

अडचण पुढे आहे. अर्ज करण्याआधी अर्जदाराने आपला प्रस्ताव वृत्तपत्रात छापायचा. कुठल्या? देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. कृतीचं भाषांतर प्रसिद्ध करायचं असेल तरच त्या भाषेतल्या दैनिकातही. म्हणजे आगरी धवळ्यांची मराठी कॅसेट काढणाऱ्या, कोकणात कुठेतरी परतलेल्या माणसाला शोधण्यासाठी मी इंग्रजी राष्ट्रीय दैनिकात जाहिरात द्यायची. त्याच्या गावच्या चावडीवर नाही, मराठी पेपरात नाही. जमीन घेताना मालकाच्या भाषेत नोटीस लागते हे संसदेला १९८४ मध्ये सुचलं होतं. गाण्याच्या मालकाच्या बाबतीत ते २०१२ मध्येही सुचलं नाही.

आणि अर्ज करायचा कुणाकडे? आधी कॉपीराइट मंडळ होतं, ज्याचं काम नेमणुकांअभावी अडून राहायचं. २०१७ मध्ये ते बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झालं. २०२१ मध्ये ते अपील मंडळही बरखास्त झालं आणि कामं न्यायालयांकडे गेली. ज्या कॅसेटची किंमत तेव्हा वीस-पंचवीस रुपये होती, तिच्यासाठी राष्ट्रीय दैनिकातली जाहिरात, वकील आणि न्यायालय. एखादी मोठी प्रकाशनसंस्था हे करू शकेल. वहिनीच्या गटातल्या बायका करणार नाहीत.

समजा हे सगळं पार पाडून मला परवाना मिळाला. रॉयल्टी जमा होईल ती कुणाच्या नावे? त्या कंपनीच्या. दारावेतल्या आजींना त्यातलं काही नाही. कायद्याने ज्याला मालक म्हटलं तो बेपत्ता आहे, आणि जिचा आवाज आहे ती घरी बसलेली आहे, तिचा पत्ता मला ठाऊक आहे, पण कायद्याला तिच्याशी कर्तव्य नाही.

*

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चकित केलं ते एका जुन्या कायद्याने.

१८६७ मध्ये इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. १८५७ नंतरचा काळ, देशी भाषांत काय छापलं जातंय यावर नजर ठेवायची होती. हेतूबद्दल कुणाचा गैरसमज नको. मराठीत १८६७ पर्यंत छापलेल्या पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात, कारण त्यानंतर पुस्तकांची सरकारी नोंद सुरू झाली. त्या कायद्याच्या १८ व्या कलमात प्रत्येक पुस्तकाबद्दल काय लिहायचं याची यादी आहे: नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पानं, आकार, आवृत्ती, प्रती, किंमत. आणि यादीत शेवटी: हक्काच्या किंवा त्याच्या कुठल्याही भागाच्या मालकाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण. ही यादी दर तीन महिन्यांनी राजपत्रात प्रसिद्ध करायची.

हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. डेटाबेस बनवणारा माणूस म्हणून सांगतो, अनाथ कृतींच्या प्रश्नावर जगभर जे अहवाल लिहिले गेले, समित्या बसल्या, त्या सगळ्यांना हवा होता तो हाच एक रकाना. तो आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होता. पाळत ठेवणाऱ्या सरकारने बनवलेला, पण होता.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक, १९१४ पासून ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर कॉपीराइट आपोआप मिळू लागला. १८४७ च्या कायद्यात नोंद नसेल तर दावा लावता येत नसे. आता नोंदीची गरज उरली नाही. लेखकाच्या बाजूने हे योग्यच झालं. पण हक्क आपोआप जन्मायला लागला की जन्मनोंद करायची सक्ती जाते, आणि अनाथ तिथूनच तयार होतात. दुसरी गोष्ट ताजी आहे. १८६७ चा कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नावाप्रमाणे तो फक्त नियतकालिकांचा आहे. पुस्तकं त्यातून वगळली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची ती पाठवायचीच आहे, पण मालकाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण विचारणारा तो जुना रकाना गेला. ती नोंद शेवटच्या काळात किती काटेकोर होत होती हा वेगळा प्रश्न. रकाना असेल तर तो नीट भरा असं निदान म्हणता येतं.

ध्वनिमुद्रणांच्या नशिबी तोही नव्हता. ५२-अ कलमाने कंपन्यांना पत्ता वेष्टनावर छापायला लावला, पण तो कुणाला कळवायला लावला नाही. प्रत कुठे जमा करायची नाही, यादी कुठे प्रसिद्ध व्हायची नाही. पत्ता होता तो लोकांच्या घरातल्या कॅसेटच्या डबीत. डब्या भंगारात गेल्या की पत्तेही गेले.

पुस्तकांच्या बाबतीत सरकारच्या रकान्यावर न थांबता एका माणसाने काय केलं, हेही सांगायला हवं. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली, ती १९४३ मध्ये आली. पुढे १९५० पर्यंतचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. ग्रंथालयं पालथी घालून, हाताने. आज मराठीतल्या जुन्या पुस्तकाबद्दल कुणालाही काही शोधायचं असेल तर दाते सूचीला पर्याय नाही. मराठी कॅसेटचे दाते झाले नाहीत. आगरी कॅसेटचे तर नाहीतच.

*

आमच्या क्षेत्रातही 'अनाथ' शब्द आहे. युनिक्समध्ये एखादी प्रोसेस दुसरीला जन्म देते. जन्म देणारी आधी मेली तर मागे राहिलेलीला अनाथ प्रोसेस म्हणतात. पण ती क्षणभरच अनाथ असते, कारण संगणक सुरू होताना सर्वांत आधी उठणारी, एक नंबरची प्रोसेस तिला लगेच दत्तक घेते. यंत्रणा लिहिणाऱ्यांनी हे गृहीतच धरलं होतं की पालक मरणार, आणि त्यानंतर काय करायचं ते आधीच लिहून ठेवलं. कॉपीराइटची यंत्रणा लिहिताना हे गृहीत धरलं नाही. साठ वर्षांचा हक्क द्यायचा आणि दहा वर्षांत बंद पडणाऱ्या पेढीला द्यायचा, मग मधल्या पन्नास वर्षांचं काय?

सरकारला हे जमत नाही असं मी मानत नाही, कारण शेजारच्या खात्यात जमलेलं आहे. बँकांतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून वेगळा निधी ठेवला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं, जिथे आपण आपल्या आजोबांच्या नावाने अनेक बँकांतल्या ठेवी एकाच ठिकाणी शोधू शकतो. म्हणजे ज्या वर्षी पुस्तकाच्या मालकाचा रकाना रद्द करणारा कायदा झाला, त्याच वर्षी ठेवीच्या मालकाला शोधणारं पोर्टल आलं. पैशाचा वारस शोधायला हवा हे आपल्याला पटतं. गाण्याला वारस असतो हे अजून पटायचं आहे.

युरोपात ग्रंथालयं आणि संग्रहालयं कसून शोध घेतात, आणि मालक सापडला नाही तर ती कृती संघाच्या सामायिक यादीत जाते. मालक उगवला तर तिचं अनाथपण संपतं. ब्रिटनमध्ये ऑनलाइन अर्ज, जास्तीत जास्त सात वर्षांचा परवाना, आणि मालकासाठी शुल्क आठ वर्षं राखून ठेवतात. दोन्हीकडे त्रुटी आहेत, तक्रारी आहेत. पण एकाने केलेला शोध तिथे दुसऱ्याला दिसतो. माझा इंडस्ट्रियल इस्टेटपर्यंतचा प्रवास मात्र माझ्याबरोबरच संपतो. उद्या त्याच कंपनीची दुसरी कॅसेट घेऊन अलिबागचा कुणी निघाला तर तो त्याच टॉवरच्या वॉचमनकडे जाणार.

मला नवा मोठा कायदा नको आहे. नोटीस कृतीच्या भाषेत निघावी. शोधाची आणि परवान्यांची एक उघडी, शोधता येणारी यादी असावी. गावातल्या ग्रंथालयाला किंवा बायकांच्या गटाला विनामोबदला वापरासाठी छोटी वाट असावी, मालक आला की खाली उतरवण्याच्या अटीवर. आणि यादीत गाणाऱ्यांसाठी रकाना असावा.

तो येईपर्यंत मी माझी यादी सुरू केली आहे. वहिनीच्या गटातल्या बायकांनी आपापल्या आणि शेजारच्या घरांतल्या कॅसेटच्या कव्हरचे फोटो काढून पाठवले. आत्तापर्यंत त्रेसष्ट कॅसेट झाल्या आहेत. फाइल नाहीत, गाणी नाहीत, फक्त माहिती: कंपनीचं नाव, छापलेला पत्ता, साल, मी किंवा कुणी त्या पत्त्यावर गेलं का, काय आढळलं. त्यातल्या एका कंपनीचा मालक वहिनीच्या मैत्रिणीला ठाण्यात सापडलासुद्धा. त्याने दोन ओळींचं पत्र लिहून परवानगी दिली आणि वर विचारलं, "अजून कुणी ऐकतं का हो ही गाणी?" त्या कॅसेटमधली हळदीची गाणी आता तिच्या गटात रोज कुणीतरी घोकत असते.

कव्हरवर जे नसतं त्यासाठी मी शेवटी एक जादा रकाना ठेवला आहे: गाणाऱ्या बायका, गाव. बहुतेक कव्हरांवर 'आणि साथी' एवढंच आहे. हा रकाना भरायला ज्या घरातून फोटो आला तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला कॅसेट लावून ऐकवावी लागते. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती आवाज ओळखते आणि नाव सांगते, माहेरच्या गावासकट. त्रेसष्टपैकी एकेचाळीस रकाने भरले आहेत.